खुर्चीवाचून राजा

पौष लागला की माझा वैताग सुरू होतो. घरच्यांनी आता त्याची सवय करून घेतली आहे. सकाळी चहाचा कप उचलावा, तर सायीवर रुईचा एक तंतू आरामात पहुडलेला. बोटानं काढायला जावं तर तो बोटाला चिकटतो, बोट झटकावं तर मिशीला. कडुलिंबाची पानं पांढरट, विजेच्या तारांना लव फुटलेली. एरवी न दिसणारी कोळ्यांची जाळी आता अख्ख्या आळीला दिसतात, आणि बायको माझ्याकडे अशी पाहते, जणू ती मीच विणली. पांढरकवड्यात कापसाचा हंगाम असा न विचारता घरात येतो. पूर्वी तो बैलगाड्यांच्या रांगेतून यायचा, बैलांच्या घुंगरांचा आवाज पहाटेपासून रस्त्यावर सांडलेला असायचा. आता ट्रॅक्टर येतात आणि आपसात भांडल्यासारखे भोंगे वाजवतात. वास मात्र तोच आहे. उन्हात तापलेल्या सरकीचा, किंचित तेलकट, किंचित गोडसर. त्या वासाला मी कितीही नावं ठेवली तरी तो एकदा नाकात गेला की माझं वय उतरायला लागतं.

या संक्रांतीला थोरली लेक नागपूरहून आली. तिनं उंबरठा ओलांडला, पुढच्या खोलीतल्या खुर्चीवर गुडघा आपटला (दर वर्षी आपटते आणि दर वर्षी नव्यानं ओरडते) आणि गुडघा चोळत म्हणाली, "बाबा, ही खुर्ची हलवा ना एकदाची. बसत तर कोणी नाही तिच्यात. हल्ली खोल्या अशा भरून नाही टाकत कोणी. मोकळी जागा ठेवली ना, की जागाच बोलते."

जागाच बोलते! चहा माझ्या नाकात गेला, तंतूसकट. हे वाक्य मी पूर्वी ऐकलं होतं. तेव्हाही असाच पौष होता, अशीच रुई उडत होती, महाराष्ट्र राज्य होऊन पहिलाच कापूस सरकी काढायला जिनिंग कारखान्यात लागला होता, आणि मी बावीस वर्षांचा राजा होतो.

राजा म्हणजे 'संगीत पद्मसेन'मधला. हे नाटक तुम्ही ऐकलेलं नसणार. कोणी लिहिलं तेही ठाऊक नाही. वहीचं पहिलं पान वाळवीनं खाल्लं, त्याबरोबर नाटककारही तिच्या पोटात गेला. राजा पद्मसेन राणीवर उगाच संशय घेतो, तिला वनात धाडतो, मग पस्तावतो आणि शेवटी सिंहासनावरून उठून, राज्य जिथल्या तिथं टाकून तिच्यामागं रानात निघून जातो. एवढ्यासाठी पाच अंक आणि चौपन्न पदं. जिनिंगच्या आवारात हे नाटक दर हंगामाला एकदा व्हायचं, आणि करणाऱ्यांपेक्षा पाहणाऱ्यांना ते जास्त पाठ होतं.

खरं सांगायचं तर नाटक पाहायला कोणी येतच नसे. लोक यायचे आपापलं सामान पाहायला. आमच्याकडे रीतच होती तशी. नाटकमंडळींकडे चार रंगवलेले पडदे सोडले तर स्वतःचं काही नव्हतं. महाल गावानं भरायचा. कापूस उतरवून रिकाम्या परतणाऱ्या गाड्या दोन दिवस आधी आळीआळीतून फिरत आणि प्रत्येक घरातून एखादी वस्तू उचलत. डॉक्टरीणबाईंची शाल राणीच्या खांद्यावर. पाटलांची तलवार सेनापतीच्या कमरेला. ती म्यानात गंजून बसलेली, त्यामुळे आमची युद्धं म्यानासकट होत. समया, लोड, गालिचे. एका घरानं दर वर्षी पाळणा पाठवला, नाटकात मूल नसताना. तोही बिचारा महालाच्या कोपऱ्यात टांगला जाई. पडदा उघडला की पहिली दहा मिनिटं संवाद कोणालाच ऐकू येत नसत. "अवं, आपली समई पाह्य!" "अन् आपला लोड कुठं दडवला यायनं?" ज्याच्या घरचं काही लागलं नाही, तो त्या वर्षी बाजारातून मान खाली घालून जायचा.

आणि या सगळ्याच्या मधोमध आमची खुर्ची. सिंहासन.

अस्सल सागवानी. हातांच्या टोकांना सिंहाची तोंडं, पाठीवर पिसारा पसरलेला मोर. चांद्याकडच्या कुणा मालगुजारानं, म्हणजे आमच्याकडच्या जमीनदारानं, ती आमच्या ओळखीच्या सुताराकडे करायला दिली होती. खुर्ची पुरी होईतो सरकारनं मालगुजारीच मोडीत काढली. न्यायला कोणी आलं नाही. सुताराच्या दारातून ती आत जाईना आणि पावसात बाहेर ठेववेना, म्हणून एक दिवस त्यानं ती आमच्याकडे आणून टेकवली. "बाबूजी, तुमचं दार रुंद हाये," एवढंच त्याचं म्हणणं. तिच्या एका हाताची खुंटी तेवढी सैल राहून गेली होती. हात जरा हलला की सिंह मान वळवायचा. त्यावर उपाय एकच, वरून दोन टपल्या.

माझे बाबा जिनिंगच्या काट्यावर होते. हंगामात उजाडल्यापासून दिवेलागणीपर्यंत गाड्या वजनाला येत, आणि काट्यावरचा माणूस उभाच असतो. तो बसला की गाडीवाल्याला वाटतं, याचं लक्ष नाही. संध्याकाळी घरी आले की बाबा मिठाच्या गरम पाण्यात पाय सोडून बसत. कशावर? तर पाटावर. खुर्ची हातभर अंतरावर, पण तिच्यात ते कधी बसले नाहीत. दुसऱ्या कोणालाही बसू दिलं नाही. "ते बसाची नोहे. त्याच्यात राजा बसते." पाय पुसून झाले की खांद्यावरचा दुपट्टा काढून ते खुर्चीसमोर उभे राहत, बैठक झटकत, सिंहांची तोंडं पुसत, सैल हातावर दोन टपल्या मारत. नाटक जवळ आलं की जवसाच्या तेलाचा बोळा फिरवून तिला अशी चमकवत, की आईला कुंकू लावायला आरसा लागू नये. वर्षभर ज्या गाडीवाल्यांची कुरकुर ऐकायची, तेच गाडीवाले त्या दिवशी थांबून विचारायचे, "बाबूजी, खुर्ची निंगाली का?" बस. एवढाच त्यांचा मान. याहून जास्त गावानं त्यांना काही दिलं नाही आणि त्यांनी मागितलंही नाही.

त्या पौषात हा मान घालवायचं काम मी केलं. म्हणजे, माझ्या आतेभावानं केलं आणि मी मान डोलावली.

मधू दोन वर्षं मुंबईला राहून, तिथल्या नाटकवाल्यांत ऊठबस करून परत आला होता, दाढी वाढवून आणि बाकी सगळं कमी करून. तिकडे त्यानं एक जुनं संगीत नाटक नव्या तऱ्हेनं केलेलं पाहिलं होतं. रिकामा रंगमंच, मागं काळा पडदा, मधे एक स्टूल. प्रेक्षक म्हणे रडले. कशानं रडले ते मी तेव्हाच विचारायला हवं होतं. "दिनू," तो मला म्हणाला, "नाटकात काय घालायचं हे सगळेच पाहतात. काय काढता येईल ते आपण पाहायचं."

आणि त्यानं काढायला सुरुवात केली. आधी पडदे गेले. मग मुकुट. मग माझा मखमली अंगरखा, ज्यात माझे खांदे निदान खांद्यांसारखे दिसत. मग मिशी. मग चौपन्नातली त्रेचाळीस पदं. सिंहासन अर्थातच. पेट्रोमॅक्स काढले, "सूर्यप्रकाशासारखा दिवा नाही" म्हणून. आणि पेट्रोमॅक्स काढले म्हणताना रात्रसुद्धा काढली. नाटक दुपारी तीनला. दुपारी तीनला नाटक! या गावात दुपारी तीनला फक्त लग्नाची पंगत उठते. स्टूलही शेवटी काढलं. "राजा उभा राहील. राजानं भूमी व्यापली पाहिजे."

मी हो म्हणत गेलो. का म्हणत गेलो, याचं उत्तर आजही मला चिडवतं. बावीस वर्षांच्या माणसाला कोणी "तू नव्या काळाचा नट आहेस" म्हटलं, की तो नेसत्या वस्त्रानिशी नव्या काळात जायला निघतो. माझा आवाज वरच्या पट्टीत गेला की एसटीचा ब्रेक लागल्यासारखा व्हायचा. एरवी तो मखमल, मोर, समया आणि चाळीस घरांचे लोड यांच्याआड खपून जाई. आता सगळा आडोसाच काढून टाकला, तर गावाला फक्त माझं गाणं उरणार होतं. हे मला नवव्या तालमीला कळलं, आणि तोवर मांजरपाटाचे कपडे शिवून झाले होते.

बाबांना कोणी सांगितलं नव्हतं. मी रोज ठरवत होतो आणि रोज ते खुर्चीला तेल लावताना पाहून परत जात होतो. शेवटी मधूच घरी आला. बाबा जमिनीवर उकिडवे बसून सिंहाच्या दातांतून बोळा फिरवत होते.

"मामाजी, यंदा खुर्ची नको."

बाबांनी वर पाहिलंही नाही. "काहून? कोनाची नवीन निंगाली?"

"नवी नाही, मामाजी. सिंहासनच नाही. राजेपण लाकडात नसतं, ते नटाच्या कण्यात असतं."

बाबांनी बोळा वाटीत ठेवला. माझ्याकडे पाहिलं. मी दाराशी उभा होतो, शक्य तितका सरळ.

"याच्या?" ते म्हणाले. "याच्यात कणा असता, त हेच गोष्ट यानंच मले सांगतली असती."

मधू काही तरी रिकाम्या जागेबद्दल बोलत राहिला. रिकामी जागा बोलते, प्रेक्षकाचं मन तिला भरून काढतं, वगैरे. बाबांनी ऐकून घेतलं. मग शांतपणे म्हणाले, "चांगलं हाये, भाचेबुवा. करा तुमचं नाटक. मी काई येत नाही. मले काट्यावर काम हाये." नाटक बाजाराच्या दिवशी होतं. त्या दिवशी जिनिंग बंद असे, काटाही. हे आम्हा तिघांना माहीत होतं, आणि स्वयंपाकघरातून ऐकणाऱ्या आईलाही.

पुढचे चार दिवस बाबा माझ्याशी बोलले नाहीत. म्हणजे बोलायचे, पण आईच्या मार्फत. "त्याले म्हना, राजानं जेवाले बसाचं असते का उभ्यानंच जेवते?" खुर्ची तेल लावून तशीच उभी. गाडी आली नाही, आणि गावातल्या इतर घरांतूनही गाडीनं काही उचललं नाही. आळीत लोक मला थांबवून विचारायचे, "काहून रे दिनू, आमची समई फुटकी हाये का?" मी नव्या काळाबद्दल बोलायला लागलो की ते समजुतीनं मान हलवायचे, आजारी माणसापुढे हलवतात तशी.

सगळ्यात जास्त दुखावले सदाशिवराव. पोस्टातले सदाशिवराव चौदा हंगाम राणी करत होते. नथ, बुगड्या, डॉक्टरीणबाईंची शाल यांवर त्यांचा जीव. मधूनं त्यांच्या हातात पांढरं मांजरपाट ठेवलं.

"मधुकरराव," ते घोगऱ्या आवाजात म्हणाले, "राणीचा नवरा जिवंत हाये ना? तो पाहा, समोर उभा राहून चहा पिऊन राह्यला. मंग मले पांढरं कायले?"

"पांढरा म्हणजे अभाव, सदाशिवराव."

"अभावच दिसते," सदाशिवराव म्हणाले आणि तिकिटावर शिक्का मारावा तसा पदर खांद्यावर मारला.

नाटकाचा दिवस उजाडला. आज इतक्या वर्षांनी त्या दुपारचं ऊन मला आठवतं ते पाठीवर आलेलं ऊन म्हणूनच. दाबून बांधलेल्या कापसाच्या गाठींचा चौथरा, त्यावर फळ्या, मागं काही नाही. म्हणजे मागं जिनिंगची भिंत, भिंतीवर बसलेले कावळे, आणि उंच धुराडं. मधूचा हिशेब असा होता की बरोबर साडेपाचला सूर्य धुराड्यामागं जाईल, त्या क्षणी मी शेवटचं पद म्हणत चौथऱ्यावरून उतरून जाईन आणि रंगमंच आपोआप विझेल. यंत्रं बंद होती तरी हवेत रुई तरंगत होती. ती आमच्या डोक्यांवर हळूहळू बसत होती. समोर सतरंज्यांवर गाव. आणि गावाच्या मागं, आवाराच्या दुसऱ्या टोकाला, काट्याजवळ बाबा. उभे. दुपट्ट्यानं काट्याची दांडी पुसत होते. नाटकाला आलेच नव्हते ते. कामावर होते.

पहिल्या रांगेत सक्रीबाई बसली होती. बंजारा तांड्यावरून जिनिंगच्या कामाला येणाऱ्या बायांची ती मुकादम. दंडभर पांढऱ्या बांगड्या, आवाज आवारभर. नाटक सुरू झालं. एरवीच्या समया-लोडांच्या गलक्याऐवजी शांतता पसरली. मला वाटलं, जिंकलं. मग सक्रीबाईचा आवाज आला.

"सामान नाई आलं व?"

"गाडी लवंडली असंल कुठं," शेजारीण म्हणाली.

"अन् नाटक तसंच चालू केलं? बिचारे!"

सगळ्या आवारातून हळहळ उमटली. नव्या काळाच्या नटाला एवढी सहानुभूती मी पुढं कधी मिळालेली पाहिली नाही. लोकांनी मदत करायची ठरवलं. मधूनं गाळलेल्या पदाची जागा आली, आम्ही पुढं गेलो, पण गाव गेलं नाही. मागून कोणी तरी ते पद सुरू केलं, चार जणांनी उचललं, आणि आमचा पेटीवाला, जो तीस वर्षं ते पद वाजवत होता, तो कोणाच्या बाजूनं जाणार? तोही गेला. राजा आणि राणी तोंड मिटून उभे आणि गाव गातंय. अशी एकामागून एक पदं परत आली. विंगेत (विंग म्हणजे दोन गाठी) मधू दाढी ओढत होता. सूर्य त्याच्यासाठी थांबायला तयार नव्हता.

दुसऱ्या अंकात सक्रीबाईला राहवेना. ती उठली, शेजारणीला घेऊन चौकीदाराच्या खोपटाकडे गेली, आणि दोघी बाज उचलून चौथऱ्यावर आल्या. माझ्या ऐन पदात.

"बस बाप्पा," ती मला म्हणाली. "कवापासून उभा हायेस. राजा असला तरी पाय हायेत ना त्याले."

मी काय करणार? मधू धावत आला, त्यानं बाजेचा पाय धरला. "नको बाई, राजा बसत नाही यात!"

"काहून बसत नाही?"

"बसायचंच नाही त्याला!"

बाज परत गेली. सक्रीबाई जागेवर बसली, पण आता ती विचारात पडली होती. तिनं माझ्याकडे नीट पाहिलं, मग सदाशिवरावांकडे. मधूनं आम्हाला सक्त ताकीद दिली होती की एकमेकांकडे पाहायचं नाही, समोर शून्यात पाहायचं.

"राणीनं पांढरं काहून नेसलं?" तिनं हळूच विचारलं. हळूच म्हणजे शेवटच्या रांगेला ऐकू जाईल असं.

"राजा मेला असंल."

"मंग हा कोन उभा हाये?"

"तोच. पाह्य ना, राणीले दिसतच नाही तो. अन् बूड बी टेकत नाही."

"जीव अडकला असंल त्याचा."

"कायच्यात?"

"खुर्चीत. दुसरं काय असते राजापाशी?"

ही बातमी रांगेरांगेनं मागं गेली आणि तिच्याबरोबर एक विलक्षण स्तब्धता. गावाला नाटक कळलं होतं. मधूला न कळलेलं, मला न कळलेलं, पण त्यांना नीट कळलेलं. मेलेला राजा आपल्या खुर्चीसाठी घुटमळतो आहे. मी राणीला हाक मारली आणि सदाशिवराव शून्यात पाहत राहिले, तेव्हा बायांनी डोळ्यांना पदर लावले. मला संताप येत होता. नऊ आठवडे आम्ही ज्याच्यासाठी घाम गाळला ते हे नव्हतं. पण रडत होते खरं.

शेवटचं पद आलं तेव्हा सूर्य धुराडं सोडून केव्हाच पुढं गेला होता. तिरपं, तांबूस ऊन फळ्यांवर पसरलेलं. मी पद सुरू केलं. मधूची सूचना: सरळ चालत जायचं, मागं पाहायचं नाही. वरचा सूर आला आणि माझा आवाज फाटला. असा फाटला की कावळे उडाले. मी थांबलो. पेटी एकाच जागी फिरत राहिली. सगळं गाव माझ्याकडे पाहत होतं. हा आता कसा सुटणार, याची वाट पाहत होतं. आणि मला सोडून जायला काहीच नव्हतं. तिथं काही नव्हतंच! जिच्यावरून उठून जायचं ती वस्तूच नाही, तर माणूस उठणार कुठून?

मी डोळे वर केले. डोक्यांच्या पलीकडे बाबा दिसले. दांडी पुसायची थांबली होती. दुपट्टा त्यांच्या हातात लोंबत होता.

पुढचं मी ठरवून केलं असं म्हणेन तर खोटं होईल. मी वळलो. खांद्यावरचा मांजरपाटाचा शेला काढला. आणि चौथऱ्याच्या मधोमध, जिथं दर वर्षी ती असायची तिथं, बैठक झटकली. मग वाकून एक सिंह पुसला, दुसरा पुसला. मग सैल हातावर दोन टपल्या मारल्या.

"अरे," मागून कोणी तरी ओरडलं, "बाबूजीची खुर्ची!"

सगळ्या माना काट्याकडे वळल्या आणि परत माझ्याकडे. "कुठं हाये?" एक लहान मूल विचारत होतं. "थे काय तिथं! दिसत नाही काय तुले?" त्याची आई त्याच्यावर डाफरली. गाडीवाले उठून उभे राहिले. मी पद पुरं केलं, फाटक्या आवाजात, आणि चालत गेलो. सक्रीबाईनं हात जोडले. "सुटला बिचारा," ती म्हणाली.

गाठींमागं मधूनं मला मिठी मारली. त्याची दाढी ओली होती. "पाहिलंस दिनू? रिकामी जागा बोलली!" मी वैतागून त्याची मिठी सोडवली. रिकामी जागा कशाला बोलेल? ती खुर्ची नऊ हंगाम तिथं बसून होती, म्हणून दिसली. हे मी त्याला पुढं पत्रातून चार वेळा लिहिलं. त्याला पटलं नाही. थोरलीलाही पटणार नाही. म्हणून मी तिला फक्त एवढंच सांगितलं, की गुडघा सांभाळ, खुर्ची हलणार नाही.

कपडे बदलून मी काट्याकडे पाहिलं तर बाबा नव्हते. घरी गेलो. दिवे लागायची वेळ होती. आई पुढच्या खोलीत सुपात तीळ निवडत होती. पाटाजवळ मिठाच्या पाण्याची बादली, वाफ निघत होती. बाबा खुर्चीसमोर उभे होते, दुपट्टा हातात. चार दिवसांनी ते सरळ माझ्याशी बोलले.

"भलत्याच हातावर मारल्या तू टपल्या."

मी थकलो होतो, घसा फाटला होता, केसांत रुई होती. आणि हे ऐकायला घरी आलो होतो. "डाव्या हातावर मारल्या," मी म्हणालो. "डावाच सैल आहे."

"उजवा सैल हाये."

"डावा आहे, बाबा. तीन हंगाम मी बसतोय तिच्यात."

"अन् मी कितीक वर्सं टपल्या मारून राह्यलो? रोज! उजव्या हातावर! मले शिकवते!"

"डावा!"

"उजवा!"

"अवो, बसून पाहा ना एकदा," आई सूप आपटून म्हणाली. "काय जीव घेता माहा दोघं जनं!"

आई स्वतःच दचकली. बाबांनी खुर्चीकडे पाहिलं, मग माझ्याकडे, जणू ही मीच रचलेली युक्ती. मग भांडण जिंकायचंच या हट्टानं ते वळले, धोतर सावरलं, आणि बसले. अगदी पुढच्या कडेला, जरुरीपुरते. दोन्ही हात सिंहांवर ठेवले. डाव्या तळव्याखाली सिंहानं मान वळवली.

बाबांनी तो हात पुन्हा एकदा हलवून पाहिला.

"डावा हाये," ते हळूच म्हणाले.

मी तोवर त्यांच्या जागी, खुर्चीसमोर उभा होतो. तिथून तो माझ्या उजव्या हाताला येत होता. म्हणजे चौथऱ्यावर मी समोर उभा राहून, डावा डावा म्हणत, खरोखरच भलत्या हातावर टपल्या मारल्या होत्या. मी बसून सांगत होतो, ते उभं राहून. इतकी वर्षं उभं राहून.

"इथून उजवा दिसतो," मी म्हणालो.

"हं," बाबा म्हणाले. आणि मग, उठतील असं वाटत असताना, ते जरा मागं सरकले. पाठ मोराला टेकली.

आईनं पाटाजवळची बादली उचलली आणि खुर्चीपुढं आणून ठेवली. बाबांनी पाय पाण्यात सोडले.

"मधूले सांग," थोड्या वेळानं ते डोळे मिटून म्हणाले, "पुढच्या हंगामाले बी खुर्ची नको म्हना. गाडीतून जानं-येनं सोसत नाही तिले."

बाहेर बाजारातून परतणाऱ्या गाड्यांची घुंगरं वाजत होती. एक गाडी दारापुढं थांबली, गाडीवाल्यानं आत डोकावून पाहिलं, आणि काही न विचारता बैल पुढं हाकले. पाणी गार झालं तरी बाबा उठले नाहीत.